परराज्यातील जुन्या मोटारसायकलीची खरेदी

दुसऱ्या राज्यात नोंदणी झालेली वापरलेली मोटारसायकल विकत घेऊन ती आपल्या राज्यात स्वतःच्या नावावर करून घेणे, या व्यवहाराला मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू होतात. महाराष्ट्रात त्यात राज्याच्या मोटार वाहन कराची भर पडते. प्रस्तुत लेखात ही प्रक्रिया नाशिक शहरातील अंबड या औद्योगिक उपनगरातील खरेदीदाराच्या दृष्टीने दिली आहे.

पार्श्वभूमी

अंबड हे नाशिकच्या नैर्ऋत्येस, सिडको वसाहतीला लागून असलेले उपनगर आहे. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत असून पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या कामगारांसाठी दुचाकी हे रोजच्या ये-जा करण्याचे मुख्य साधन आहे. नाशिक जिल्ह्याची सीमा गुजरातला भिडलेली आहे, तर मुंबई-आग्रा महामार्गाने मध्य प्रदेशही फार दूर नाही. त्यामुळे परराज्यातील गाडी येथे सहज येऊन पोहोचते. नाशिकचा नोंदणी संकेत एमएच-१५ आणि शेजारच्या वलसाडचा जीजे-१५ असा आहे. आकडा एकच असला तरी या दोन संकेतांमधील अंतर कागदोपत्री बरेच मोठे आहे.

दिल्ली राजधानी क्षेत्रात १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले. तेव्हापासून तेथील जुन्या गाड्या इतर राज्यांत विकण्याकडे कल वाढला. अशा गाडीची किंमत कमी दिसते. मात्र नोंदणीची पहिली १५ वर्षे संपल्यावर तिचे नूतनीकरण तपासणीनंतर आणि एका वेळी पाच वर्षांसाठीच होते, हे त्या किमतीत धरलेले नसते.

ना-हरकत प्रमाणपत्र

गाडी मूळ राज्यातून हलवण्यापूर्वी तेथील नोंदणी प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते (कलम ४८, नमुना २८). त्यासाठी अर्ज नोंदणीकृत मालकाने करायचा असतो. अर्जावर सांगाडा क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. वाहनावर चोरीचा गुन्हा नोंदलेला किंवा प्रलंबित नाही याबाबत पोलिसांचा अहवाल घेणे आणि कराची बाकी तपासणे ही प्राधिकाऱ्याची जबाबदारी आहे. ३० दिवसांत नकार कळवला नाही, तर प्रमाणपत्र दिले असे कायदा मानतो.

गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची संमती आवश्यक असते. कर्ज फिटले असेल, तर नमुना ३५ भरून नोंदणी पुस्तिकेवरील बोजा उतरवावा लागतो. कर्ज फेडूनही बोजा तसाच राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आढळतात, आणि गाडी इकडे आल्यावर ते निस्तरायला पुन्हा मूळ राज्यातील मालक व वित्तसंस्था यांच्याकडेच जावे लागते. म्हणून पैसे देण्यापूर्वीच 'परिवहन' संकेतस्थळावर बोजा, दंडाची चलने आणि विम्याची मुदत पाहून घेणे हिताचे ठरते.

दोन मुदती

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज बारा महिन्यांच्या सवलतीबाबत आहे. परराज्यातील वाहन १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायचे असल्यास नवा क्रमांक घ्यावा, असे कलम ४७ सांगते. ही तरतूद वाहन हलवण्यासंबंधी आहे, विक्रीसंबंधी नाही. गाडी विकत घेतली की कलम ५० लागू होते. त्यानुसार खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत आपल्या भागातील नोंदणी प्राधिकाऱ्याकडे मालकी हस्तांतरणाची नोंद मागावी लागते. राज्याबाहेरील विक्रीत विक्रेत्याला कळवण्यासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. "वर्षभर बाहेरच्या नंबरवर चालवा, मग पाहू" हा बाजारातील सल्ला खरेदी केलेल्या गाडीला लागू पडत नाही.

अंबडच्या रहिवाशाला यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पंचवटीत पेठ रस्त्यावर असलेल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे लागते. हाच रस्ता पुढे गुजरातला जातो. तेथे नमुना २९ व ३० (मालकी हस्तांतरण), नमुना २७ (नवा क्रमांक), ना-हरकत प्रमाणपत्र, नोंदणी पुस्तिका, विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि पत्त्याचा पुरावा सादर करून गाडी प्रत्यक्ष तपासणीसाठी न्यावी लागते.

कर आणि विक्रेत्याची आकारणी

केंद्रीय नियमांतील शुल्क किरकोळ आहे. मोटारसायकलीला नवा क्रमांक देण्यासाठी ३०० रुपये आणि हस्तांतरणासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे १५० रुपये आकारले जातात. खरा बोजा पडतो तो एकरकमी कराचा. महाराष्ट्रात २०१७ पासून नव्या दुचाकीवर इंजिनाच्या क्षमतेनुसार १०, ११ व १२ टक्के असे दर आले. परराज्यातून आलेल्या गाडीला वयानुसार सूट मिळते, परंतु मूळ राज्यात भरलेला कर येथे वळता होत नाही. तेथील परतावा त्या राज्याच्या नियमांप्रमाणे स्वतंत्रपणे मागावा लागतो. व्यवहार करताना या परताव्यावर कोणाचा हक्क राहील हे बहुधा ठरवलेलेच नसते.

विक्रेते 'फाईल चार्ज', 'आरटीओ खर्च' किंवा 'पासिंग' अशा नावांनी जी रक्कम घेतात, तिचा कोणताही सरकारी दर नाही. सरकारी शुल्काची पावती वेगळी मागितली, तर उरलेली रक्कम हा विक्रेत्याचा किंवा एजंटाचा मेहनताना आहे हे उघड होते. वस्तू व सेवा कराबाबतही गोंधळ असतो. जानेवारी २०२५ पासून नोंदणीकृत विक्रेत्याला जुन्या वाहनांवर १८ टक्के दर लागू आहे, पण तो सर्वसाधारणपणे खरेदी व विक्री किमतीतील फरकावर, पूर्ण किमतीवर नव्हे. ६० हजार रुपयांच्या गाडीत फरक ८ हजारांचा असेल, तर कर १,४४० रुपये होतो. पूर्ण किमतीवर धरल्यास तो १०,८०० रुपये भरेल.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी प्राधिकृत नोंदणीची पद्धत अमलात आली. मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना दाखल झाल्यावर तो मानीव मालक ठरतो, आणि ना-हरकत प्रमाणपत्र व हस्तांतरणाचे अर्ज स्वतः करू शकतो.

हस्तांतरण न केल्याचे परिणाम

जुन्या बाजारात मालकाची सही घेतलेले कोरे नमुने गाडीबरोबर हातोहात फिरतात. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार (२०१८) या खटल्यातील मोटार अशीच एकामागून एक अनेकांना विकली गेली होती. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. अपघातानंतर, कलम २(३०) नुसार नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने भरपाईचे दायित्व त्याच्यावर ठेवले. गाडी वर्षापूर्वीच विकून मोकळे झालेल्या माणसालाही हा निर्णय गाठतो.

खरेदीदाराची अडचण वेगळी असते. मूळ मालकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि बोजा उतरवणे दोन्ही अडून राहतात. विम्याबाबत कलम १५७ प्रमाणे खरेदीदाराने हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. विनादावा सवलत मात्र जुन्या मालकाकडेच राहते, गाडीबरोबर येत नाही.