आधी अंतर, मग वेग

१९५० साली रग्बी खेळताना न्यूझीलंडच्या सतरा वर्षांच्या मरे हॅल्बर्गला अशी दुखापत झाली, की डावा हात कायमचा अधू झाला. रग्बी सुटली, धावणं उरलं.

पुढे त्याला आर्थर लिडियार्ड हा प्रशिक्षक लाभला. ऑकलंडच्या जोड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या या माणसाने सगळे प्रयोग आधी स्वतःच्याच पायांवर केले होते. त्याचा क्रम ठरलेला: बरेच आठवडे दमछाक न होऊ देता लांब पल्ले, मग चढ, वेगाचा सराव सर्वांत शेवटी. वायटाकेरेच्या डोंगरातली २२ मैलांची फेरी ८०० मीटरवाल्या पीटर स्नेललाही चुकली नाही. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि हॅल्बर्गने ५००० मीटरचं सुवर्ण जिंकलं. अधू हात छातीशी धरून!

लिडियार्डचे आठवड्याला शंभर मैल सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्यामागचा धीर मात्र अनेक हौशी धावपटू सोयीस्करपणे विसरतात.

या पद्धतीची खरी कसोटी वेगळीच होती. १९६२ साली ऑकलंडमध्ये जॉगर्स क्लब निघाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसंही लिडियार्डच्या सल्ल्याने हळूहळू धावू लागली. नियम सोपा: धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत.

त्याच सुमारास अमेरिकी प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे आला. पन्नाशीचा हा गडी टेकडीवर मागे पडला. सोबतीला थांबलेला सत्तरी ओलांडलेला हृदयरोगी आरामात बोलत होता. ओरेगॉनला परतून बॉवरमनने गावकऱ्यांना धावायला लावलं, आणि १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञासोबत ‘जॉगिंग’ हे पुस्तक काढलं.