दानझोंग : उरोस्थीवरील एका बिंदूचा इतिहास

ॲक्युपंक्चरच्या चिनी परंपरेत दोन स्तनाग्रांच्या मधोमध, चौथ्या व पाचव्या बरगड्यांमधील फटीच्या पातळीवर, उरोस्थीवर जो बिंदू दाखवला जातो त्यास दानझोंग म्हणतात. प्राचीन ग्रंथांत मात्र हे नाव प्रथम आढळते ते एखाद्या बिंदूचे म्हणून नव्हे, तर छातीच्या संपूर्ण मध्यभागाचे म्हणून. हान काळाच्या आसपास संकलित झालेल्या ‘हुआंगदी नैजिंग’ या ग्रंथात शरीरातील अवयवांना राजदरबारातील अधिकारपदे वाटून दिलेली आहेत. त्यात हृदय हा राजा ठरतो, तर दानझोंग हा त्याचा दूत असून आनंद तेथून उगम पावतो. त्याच ग्रंथात अन्यत्र या भागास ‘ची’चा, म्हणजे शरीरात संचार करणाऱ्या प्राणशक्तीचा, सागर म्हटले आहे. पुढे ‘नानजिंग’ या वैद्यकग्रंथाने ‘ची’चे मीलनस्थान दोन स्तनांच्या मधोमध असल्याचे सांगितले आणि भाष्यकारांनी ते स्थान याच बिंदूशी जोडले.

तिसऱ्या शतकात हुआंगफू मी (२१५–२८२) या वैद्यकलेखकाने बिंदूंची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हा दानझोंगची जागा, सुईची खोली व डागण्यांची संख्या अशा तिन्ही बाबी नोंदवल्या गेल्या. रुग्णास उताणे निजवून सुई तीन फेन, म्हणजे सुन या चिनी मापाच्या तीन दशांश इतकी, टोचावी आणि पाच डागण्या द्याव्यात, असे तो सांगतो. या डागण्या तापल्या लोखंडाच्या नव्हेत. दवण्याच्या वर्गातील एका वनस्पतीची वाळवलेली पाने कुटून केलेले लहान शंकू त्वचेवर जाळण्याची ती रीत आहे. धाप, खोकला, छातीतील कोंडल्यासारखी वेदना, घास न उतरणे व बाळंतिणीस दूध कमी येणे या तक्रारींवर हा बिंदू वापरला जाई, आणि पहिल्या तिन्हींमागे ‘ची’ वर चढतो किंवा अडतो, ही एकच कल्पना होती.

सर्वांत लक्षणीय आहे तो सुईविषयीचा मतबदल. साँग दरबारातील वैद्य वांग वेइयी याने १०२६ मध्ये सिद्ध केलेल्या ग्रंथात, ज्याच्या जोडीने १०२७ मध्ये बिंदू दाखवणाऱ्या दोन कांस्यमूर्तीही ओतल्या गेल्या, येथे सुई निषिद्ध ठरवून केवळ डागण्यांची मुभा दिली आहे, आणि १६०१ च्या ‘झेनजिऊ दाचेंग’ या ग्रंथातही तो निषेध उद्धृत होतो. याची निव्वळ अंधश्रद्धा म्हणून बोळवण करणे घाईचे ठरेल, कारण काही थोड्या माणसांच्या उरोस्थीत जन्मतःच एक छिद्र असते आणि त्यातून सरळ आत गेलेली सुई हृदयापर्यंत पोचू शकते. अशा अपघाताने मृत्यू ओढवल्याची नोंद आधुनिक वैद्यकीय साहित्यात आहे. आज येथे सुई त्वचेखालून आडवीच सरकवण्याचा दंडक आहे.