घातांकाचे कूळ छंदशास्त्रातले

गुणाकारात पाया किती वेळा घ्यायचा हे सांगणारी, पायाच्या डोक्यावर उजवीकडे बसणारी छोटी संख्या म्हणजे घातांक. शुकेने 1484 मध्ये शून्य आणि ऋण घातांक वापरले, श्टिफेलने 1544 मध्ये घातांकांची बेरीज म्हणजे संख्यांचा गुणाकार हे मांडले, देकार्तने 1637 मध्ये आजची लेखनपद्धती रूढ केली. ही वंशावळ खरी आहे, पण मुख्यतः लेखनाची. घातांकावर क्रिया करण्याची रीत याहून फार जुनी असून ती पिंगलाच्या छंदःसूत्रात सापडते. पिंगलाचा काळ सहसा इ.स.पू. तिसरे-दुसरे शतक मानतात.

पिंगलाचा प्रश्न असा: चरणात ठरावीक अक्षरे असतील आणि प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असेल, तर एकूण वृत्ते किती? मनाच्या श्लोकांचे वृत्त भुजंगप्रयात. त्याच्या चरणात 12 अक्षरे, म्हणून उत्तर 2¹². बारा वेळा दुप्पट करीत बसण्याऐवजी पिंगल 12 याच संख्येला हात घालतो. सम असेल तर निम्मे करून ‘दोन’ लिहायचे, विषम असेल तर एक वजा करून ‘शून्य’ लिहायचे. 12, 6, 3, 2, 1, 0 या उतरणीत खुणा मिळतात दोन, दोन, शून्य, दोन, शून्य. मग 1 घेऊन खुणा उलट्या वाचायच्या. शून्याला दुप्पट, दोनला वर्ग. 2, 4, 8, 64, 4096: पाच पायऱ्यांत उत्तर हाती.

यावर एक आक्षेप येतो. सूत्रे अत्यंत त्रोटक आहेत आणि त्यांचा सविस्तर अर्थ दहाव्या शतकातल्या हलायुधाच्या टीकेतून कळतो. मग श्रेय टीकाकाराचे का नाही? पण निम्म्याला दोन, एक वजा केल्यास शून्य, हे शब्द मूळ सूत्रांतलेच आहेत. दुसरा दावेदार आर्किमिडीज. वाळूचे कण मोजताना त्याने दहाच्या घातांचा गुणाकार क्रमांकांच्या बेरजेने सोडवला. तो दावा भक्कम आहे. मात्र घातांक निम्मा केला की पुढे वर्ग करावा लागतो, या नात्यावर उभी केलेली गणनरीत पिंगलाची.

वर्ग आणि घन ही नावे क्षेत्रफळ आणि घनफळाशी बांधलेली; चौथ्या घातापासून त्यांना आकृतीचा आधार उरत नाही. अक्षरे मोजणाऱ्याला ही अडचण नव्हती. म्हणूनच घातांकाचे खरे कूळ भूमितीपेक्षा छंदशास्त्रात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

निम्मे करणे आणि वर्ग करणे हीच जोडी आजच्या आरएसए कूटलेखनात राबते. तेथे 2048 बिटांच्या घातांकासाठीही वर्ग आणि गुणाकार मिळून फार तर चार हजारांच्या आसपास पायऱ्या लागतात.