५१ टक्के

दोह्याच्या ओल्ड एअरपोर्टमधली प्रवासी विमानं २०१४ सालीच नव्या हमद विमानतळावर गेली. नाव मात्र राहिलं; मेट्रो स्टेशनही 'अल मतार अल कदीम', म्हणजे जुना विमानतळच. इथे धंदा मांडणाऱ्या आपल्या माणसाला पहिला पाढा घोकावा लागे तो ५१ आणि ४९चा. ५१ टक्के कतारी भागीदाराचे, उरलेले आपले. २०१९च्या कायद्याने परवानगी घेऊन पूर्ण मालकीची वाट मोकळी केली. तरी आपल्याकडे ५१ असते तर काय झालं असतं, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी महिंद्राची चीनमधली वाटचाल पाहावी. तिथे ५१ महिंद्राचे होते.

भागीदारी मुंबईच्या या कंपनीला नवी नव्हती. तिचे ट्रॅक्टर साठच्या दशकात अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या जोडीनेच सुरू झाले. चीनमध्ये ती २००४-०५ला शिरली, नानचांगच्या जिआंगलिंग समूहाचा ट्रॅक्टर कारखाना ८० टक्के हिश्शाने घेऊन. बॉनेटवर आपलंच नाव हवं, असा हट्ट धरला नाही. 'फंगशोऊ', म्हणजे भरघोस पीक, हे तिथल्या शेतकऱ्याच्या ओळखीचं नाव तसंच ठेवलं. हे शहाणपण मला मोठं वाटतं. पुढे २००८मध्ये जिआंगसू प्रांतातल्या यानचेंगच्या युएदा समूहाशी ५१:४९चा करार झाला. इथलं नाव 'जिनमा', सोनेरी घोडा.

घोडं अडलं ते बाजारात. चीन सरकार २००४पासून शेतीयंत्रांच्या खरेदीला अनुदान देत होतं. त्याने विक्री वाढते खरी, पण गिऱ्हाईक यंत्राआधी अनुदानाची यादी बघतं. जमिनी मोठ्या तुकड्यांत कसल्या जाऊ लागल्या, तशी मागणी जास्त अश्वशक्तीकडे सरकली. महिंद्राची हातोटी लहान ट्रॅक्टरची. समोर लुओयांगची यितुओ आणि लोवोल या घरच्या कंपन्या. शिवाय अमेरिकेच्या जॉन डिअरनेही २००७मध्ये निंगबोची बेनये कंपनी घेऊन ठेवलेली. ५१ टक्क्यांनी ताळेबंदात कारखाना आपला म्हणून दाखवता येतो, संचालक मंडळात शब्द चालतो. गावोगावचा विक्रेता काही त्या टक्क्यांत येत नाही.

डिसेंबर २०१७मध्ये महिंद्राने यानचेंगमधला सगळा हिस्सा विकायचं जाहीर केलं. किंमत ८ कोटी २० लाख युआन, तेव्हाचे सुमारे ८० कोटी रुपये. घेणारा होता तोच, ४९ टक्केवाला भागीदार.