हार्ड डिस्क बिघडली? आधी फायली वाचवा, दुरुस्ती नंतर

एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला आणि 'वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करा' असा मेसेज आला, की आपल्यातले बरेच जण घाबरून फॉरमॅट करून टाकतात. तसं करू नका. निकाहचे फोटो, मुलांची सर्टिफिकेटं, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन असं सगळं त्याच डिस्कमध्ये असतं. ते परत मिळणं पहिल्या तासात आपण काय करतो आणि काय करत नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

दोन वेगळी कामं

डिस्क दुरुस्त करणं आणि डेटा परत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. विंडोजमधली 'चेकडिस्क' कमांड डिस्कची रचना सुरळीत करते, आपल्या फायली वाचवणं हे तिचं काम नाही. सुटे पडलेले तुकडे ती 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये 'सीएचके' फायली म्हणून टाकते. मूळ नाव त्यात राहत नाही. शिवाय 'स्लॅश आर' हा पर्याय दिला तर सगळी डिस्क वाचली जाते, त्याला काही तास लागू शकतात. मरायला टेकलेल्या डिस्कला हा ताण झेपत नाही. म्हणून आधी डेटा काढायचा, मग दुरुस्ती.

फाइल डिलीट झाली तर

डिलीट केल्यावर हार्ड डिस्कवरची फाइल लगेच पुसली जात नाही. ती जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदली जाते. नवीन काही लिहिलं गेलं की मात्र जुनं कायमचं जातं. आमच्या घरी हीच चूक झाली. मरहूम आजोबांचे फोटो पेन ड्राइव्हमधून डिलीट झाले. सॉफ्टवेअरने ते शोधून दिले, पण घाईत आम्ही ते त्याच पेन ड्राइव्हवर सेव्ह केले. निम्मेच फोटो नीट उघडले, बाकीच्यांवर राखाडी पट्टे आले. तेव्हापासून आमचा नियम ठरला: सॉफ्टवेअर दुसऱ्या डिस्कवर टाकायचं आणि सापडलेल्या फायलीही दुसऱ्याच डिस्कवर ठेवायच्या.

कोणतं सॉफ्टवेअर?

- रेकुव्हा: वापरायला सोपं. नुकत्याच डिलीट झालेल्या फायलींसाठी आधी हे वापरून बघावं.
- विंडोज फाइल रिकव्हरी: मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये आणलेलं मोफत साधन. कमांड टाइप करून चालवावं लागतं.
- टेस्टडिस्क: पार्टिशन गायब झालं असेल तर ते शोधून परत बसवतं. पूर्ण मोफत आहे, पण 'राइट' करण्याआधी दोनदा विचार करा, कारण तेव्हा ते डिस्कवर लिहितं.
- फोटोरेक: टेस्टडिस्कसोबतच मिळतं. फायलींच्या ओळखखुणांवरून त्या शोधतं. फोटोंबरोबर व्हिडिओ आणि पीडीएफही काढतं. जुनी नावं आणि फोल्डर मात्र परत येत नाहीत, त्यामुळे नंतर एकेक फाइल बघून लावावी लागते.

एसएसडी असेल तर

नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक एसएसडी असते. तिच्यात 'ट्रिम' नावाची सोय डिलीट झालेली जागा आतून साफ करून टाकते. त्यामुळे तिथे डिलीट झालेलं परत मिळण्याची आशा फार कमी असते.

कधी हात लावू नये?

डिस्क टकटक किंवा खरखर आवाज करत असेल, खाली पडली असेल, पाण्यात भिजली असेल, तर बिघाड यांत्रिक असू शकतो. तो सॉफ्टवेअरने सुटत नाही. ती लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. घरी उघडून तर मुळीच बघू नका. आवाज नाही पण डिस्क अडकत चालते, अशा वेळी लिनक्सवरचं 'डीडीरेस्क्यू' वापरून आधी सगळ्या डिस्कची नक्कल दुसऱ्या तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घेतात आणि पुढचं सगळं काम त्या नकलेवर करतात.

आजच काय करावं?

'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. पिवळा 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दिसला तर त्याच दिवशी कॉपी घ्या. आणि तब्येत चांगली दिसली तरी महत्त्वाच्या फायली किमान दोन ठिकाणी असू द्या, त्यातली एक घराबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर. ज्याची दुसरी प्रत आहे, त्याला रिकव्हरी सॉफ्टवेअर शोधत बसावं लागत नाही.