ध्वनिवेगाचे सूत्र : न्यूटन ते लाप्लास (इ. स. १६८७ ते १८१६) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
उच्च माध्यमिक भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत न्यूटनचे ध्वनिवेगाचे सूत्र आणि त्यावरील लाप्लासची दुरुस्ती एकापाठोपाठ दिलेली असते. पहिले चुकले, दुसऱ्याने सुधारले, एवढाच बोध विद्यार्थ्यांना होतो. प्रत्यक्षात या दोन टप्प्यांमध्ये १२९ वर्षांचे अंतर आहे. या काळात सिद्धांत आणि मापन यांतील तफावतीकडे शास्त्रज्ञांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

न्यूटनची मांडणी :
इ. स. १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात न्यूटनने ध्वनीच्या प्रसाराचे गणित मांडले. ध्वनी जाताना हवेचा प्रत्येक कण लोलकाप्रमाणे मागेपुढे आंदोलित होतो, त्यामुळे संपीडन व विरलन आळीपाळीने पुढे सरकतात, अशी त्याची कल्पना होती. गतीच्या नियमांवरून तरंगाचा वेग काढण्याचा हा प्रयत्न मूलगामी होता. हवेचा दाब व घनता यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ म्हणजे ध्वनीचा वेग, असे त्यातून निष्पन्न झाले. पहिल्या आवृत्तीत हे मूल्य सेकंदाला ९६८ फूट होते आणि तत्कालीन स्थूल मापनांशी ते विसंगत नव्हते.

पुढे विल्यम डरहॅम याने इंग्लंडमधील अपमिन्स्टर येथील चर्चच्या मनोऱ्यावरून दूरच्या तोफांचा उजेड दिसणे आणि आवाज ऐकू येणे यांतील काळ लोलकाने मोजला. त्याने काढलेला वेग सेकंदाला ११४२ फूट होता. इ. स. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनचे गणिती मूल्य ९७९ फूट होते. म्हणजे मोजलेला वेग सुमारे एकषष्ठांशाने अधिक होता.

तफावतीचे स्पष्टीकरण :
न्यूटनने ही तफावत दोन गृहीतकांनी भरून काढली. हवेच्या कणांच्या घन भागातून ध्वनी तत्क्षणी पार होतो, असे मानून त्याने वेग १०८८ फुटांवर नेला. हवेतील बाष्प ध्वनीच्या कंपनात भाग घेत नाही, असे मानून तो नेमका ११४२ केला. या दोहोंना स्वतंत्र प्रयोगाचा आधार नव्हता. उत्तर आधी ठाऊक होते आणि कारणे त्यानुसार योजली गेली.

इ. स. १७३८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तोफांच्या साहाय्याने केलेल्या मापनानेही ही तफावत खरी असल्याचे दिसले. इ. स. १७५९ मध्ये लाग्रांजने नव्या गणिती पद्धतीने हा प्रश्न सोडविला. तरी मूल्य न्यूटनचेच आले. म्हणजे दोष गणितात नव्हता, हवेविषयीच्या गृहीतकात होता.

लाप्लासची दुरुस्ती :
न्यूटनच्या मांडणीत हवेचे तापमान स्थिर राहते, असे अध्याहृत होते. लाप्लासच्या सूचनेवरून बियोने इ. स. १८०२ मध्ये, तर स्वतः लाप्लासने इ. स. १८१६ मध्ये वेगळा विचार मांडला. संपीडनात हवा तापते, विरलनात थंड होते आणि कंपने इतकी जलद असतात की उष्णतेला बाहेर जाण्यास अवधीच मिळत नाही. त्यामुळे हवेची स्थितिस्थापकता वाढते. स्थिर दाब व स्थिर आकारमान यांवरील विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर हवेसाठी सुमारे १.४ आहे. त्याच्या वर्गमूळाने गुणल्यास शून्य अंश सेल्सिअसला न्यूटनच्या सूत्राने येणारे २८० मीटर हे मूल्य सुमारे ३३१ मीटर होते. हे गुणोत्तर ध्वनीपासून स्वतंत्रपणे, उष्णतेच्या प्रयोगांतून मोजता येते. न्यूटनच्या गृहीतकांना अशी कसोटी उपलब्ध नव्हती.

मात्र लाप्लास स्वतः उष्णतेला एक सूक्ष्म द्रव मानीत असे. ही कल्पना पुढे एकोणिसाव्या शतकात त्याज्य ठरली. त्याचे सूत्र मात्र टिकले.

निष्कर्ष :
न्यूटन व लाप्लास या दोघांचीही उत्तरे मापनाशी जुळली. तथापि केवळ आकडे जुळणे हा सत्याचा पुरावा ठरत नाही. दिलेल्या कारणाची अन्य मार्गाने तपासणी शक्य असणे अधिक महत्त्वाचे आहे. हा इतिहास सूत्रासोबत शिकविल्यास 'दुरुस्ती' हा शब्द विद्यार्थ्यांना खऱ्या अर्थाने उमगेल.