‘किती गायींच्या घराला?’ : गुरांच्या बाजारातली जोखीम आणि माझं एक चुकलेलं वाक्य

आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात मी बेधडक लिहिलं होतं की १९६४ नंतर अमेरिकी पशुपालक कुटुंबांना बाजारभावाच्या जोखमीपासून संरक्षण मिळालं. मार्गदर्शक मॅडमनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं: ‘किती गायींच्या घराला?’ त्या प्रश्नापायी माझे चार महिने गेले.

१९६४ ची गोष्ट खरी आहे. ३० नोव्हेंबरला शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजमध्ये जिवंत गुरांचे वायदे सुरू झाले. जनावर गव्हासारखं कोठारात ठेवता येत नाही. विक्रीला तयार झालं तरी रोज खातंच, आणि फाजील चरबी धरतं. तरीही आज भाव बांधायचा आणि पुढे बाजार पडला तर गोठ्यातला तोटा वायद्यातल्या नफ्याने भरून काढायचा, ही युक्ती इथेही चालली. १९७१ मध्ये फीडलॉटला जाणाऱ्या लहान जनावरांचेही वायदे आले. मी वाचलेली बरीचशी मांडणी इथेच थांबते. मीही थांबले होते.

मग साधं गणित केलं. लहान जनावरांच्या एका वायद्याचं माप आज ५०,००० पौंड आहे. दूध तोडून विकलेलं वासरू साधारण ५०० ते ५५० पौंड भरतं, म्हणजे एका वायद्याला नव्वदेक वासरं हवीत. आणि मांसासाठी पाळलेल्या गायींचा सरासरी कळप पन्नासच्या आतला! शिवाय भाव चढला की वायद्यापोटी जादा पैसे लगेच भरायचे, वासरं मात्र अजून कुरणातच.

मग ही घरं काय करत होती? वसंतात जन्मलेली वासरं शरदात बहुतेक सगळेच विकायला काढतात, त्यामुळे भाव दबतो. वाळलं गवत पुरेसं असेल तर वासरं हिवाळाभर राखायची. नसेल, किंवा बँकेचा हप्ता दारात आला असेल, तर मिळेल त्या भावाला द्यायची. बाजार बरा वाटला तर कालवडी ठेवायच्या, म्हाताऱ्या गायी काढायच्या. घरातल्या कुणीतरी बाहेर नोकरी करायची. यातलं काहीच भावांच्या तक्त्यात दिसत नाही.

पण थांबणं हीसुद्धा जोखीमच. मार्च १९७३ मध्ये निक्सन सरकारने मांसाच्या भावाला कमाल मर्यादा घातली. जिवंत जनावराला मर्यादा नव्हती, पण कत्तलखाना जास्त देणार कुठून? गोमांसावरची मर्यादा सप्टेंबरात उठणार हे कळल्यावर अनेकांनी जनावरं रोखून धरली. मग वजन वाढलेली ती जनावरं बाजारात आली आणि भाव कोसळले. त्यात मका महागलेला. ऑक्टोबर १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या शेतकऱ्यांनी निषेध म्हणून शेकडो वासरं मारून पुरली. १ जानेवारी १९७५ ला देशात सुमारे १३ कोटी २० लाख गुरं होती, आजवरचा उच्चांक. घरोघरी ‘यंदा कालवडी ठेवू’ असं ठरलं की देशाची बेरीज अशी होते. एकेका घरापुरता तो निर्णय मला आजही चुकीचा वाटत नाही.

अगदी एका जनावराचाही उतरवता येईल असा सरकारी अनुदानाचा भाव-विमा गुरांसाठी आला तो २००३ मध्ये. माझं प्रकरण आता मधल्या एकोणचाळीस वर्षांवर आहे, आणि टेबलावर वायद्यांच्या तक्त्यांऐवजी लिलावाच्या पावत्या आणि कर्जखाती आहेत. पावतीवर भावाआधी मी तारीख बघते.